आंबोलीतली जळू: मीठ, न थांबणारं रक्त आणि ‘३२ मेंदू’

तुमच्या प्रश्नात तीन-चार वेगवेगळ्या काळज्या आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करून मांडते. जुलैत तुम्ही आंबोलीला गेलात. पायवाटेवरून परत आल्यावर तुमच्या पोटरीला आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या घोट्याला जळवा लागलेल्या दिसल्या. शेजारच्या कुणीतरी मीठ टाकायला सांगितलं. मिठानं जळू गळून पडली, पण रक्त रात्री झोपेपर्यंत झिरपत राहिलं. आज चौथा दिवस आहे, जागा लालसर आहे आणि खाज सुटते. तुम्हाला भीती आहे की तिचं तोंड आत राहिलं, किंवा तिच्यात विष असतं. सासूबाईंच्या मते खराब रक्त गेलं ते बरंच झालं. मुलीनं कुठंतरी वाचलंय की जळूला ३२ मेंदू असतात आणि ती दिवसभर त्याबद्दलच विचारते. तुम्हाला मात्र नुसत्या आठवणीनं शिसारी येते, आणि तिला पुन्हा जंगलात न्यावं की नाही हे ठरत नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं पावसाळ्यात विद्यार्थ्यांना सह्याद्रीत घेऊन जाते. कोयनेचं खोरं, चांदोली, आंबोली, खाली गोव्यात मोले, या भागांत पावसाळ्यात जळवा नाहीत असं होत नाही. त्यामुळे जळू लागलेले पाय मी खूप पाहिलेत. मी डॉक्टर नाही. म्हणून ज्या गोष्टी तब्येतीवर अवलंबून आहेत त्या आधी सांगते.

तुमच्यापैकी कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, कुणाला हिमोफिलियासारखा रक्त न गोठण्याचा आजार असेल, किंवा जळू लागल्यावर अंगभर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, श्वासाला त्रास असं काही झालं असेल, तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. जखमेभोवतीचा लालपणा दिवसागणिक पसरतोय, दाबल्यावर दुखतंय, पू येतोय किंवा ताप आहे, तरीही जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही तिथंच विचारून घ्या. यातलं काही नसेल आणि फक्त खाज, थोडी सूज आणि लहान लाल डाग असेल, तर तो जळूच्या लाळेला शरीरानं दिलेला नेहमीचा प्रतिसाद आहे. काहींना दोन दिवस खाज राहते, काहींना दोन-तीन आठवडे. मुलीला सांगा, नखानं खाजवायचं नाही. जळूच्या जखमा चिघळतात त्या बहुतेक वेळा नखांमुळे. साबण-पाण्यानं धुणं आणि थंड पाण्याची पट्टी एवढं पुरतं. खाज झोपू देत नसेल तर डॉक्टर साधी ॲलर्जीची गोळी देतील.

आता तोंड आत राहिल्याची भीती. ही भीती गोचिडीवरून आलेली आहे. गोचीड आपलं तोंड कातडीत रुतवते, त्यावर उलटे काटे असतात, आणि ओढली तर ते तुटून आत राहू शकतं. जळू धरते ती चूषकानं, म्हणजे ओल्या काचेला रबरी हुक चिकटतो तशी. तिला दोन चूषक असतात. निमुळत्या टोकाला लहान, त्यातच तोंड. मागच्या टोकाला मोठा, तो नुसता पकडीसाठी. पुढच्या चूषकाच्या आत जबडे असतात, त्यांच्या कडेवर बारीक दात. आपल्याकडच्या जळवांचे जबडे तीन असतात, म्हणून चावल्याची खूण नीट पाहिली तर तीन रेघा मध्यभागी मिळालेल्या दिसतात. मुलीकडे भिंग असेल तर तिला ती खूण शोधू द्या. मीठ टाकल्यावर जळू आपणहून सुटली, म्हणजे तिनं जबडे काढून घेतले. चिंता असते ती चिमटीत धरून हिसका मारणाऱ्यांची, कारण त्यात कातडी फाटते.

मग मीठ चांगलंच म्हणायचं का? माझं मत स्पष्टपणे ‘नको’ असं आहे. जळूची कातडी पातळ आणि ओली असते, ती श्वासही कातडीतूनच घेते. मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, ती आकसते, पिळवटते आणि पोटातलं ओकते. त्या वेळी तिचं तोंड तुमच्या उघड्या जखमेवर असतं. तिच्या आतड्यात एरोमोनास जातीचे जिवाणू राहतात. रक्त टिकवायला आणि पचवायला ते तिला मदत करतात, पण आपल्या जखमेत गेले तर संसर्ग करू शकतात. रुग्णालयांत उपचारासाठी जळवा लावतात तेव्हा याच जिवाणूंच्या धास्तीनं रुग्णाला प्रतिजैविकं देतात. काडी पेटवून चटका देणं, लायटर, डेटॉल, तंबाखूचं पाणी, या सगळ्यांचा परिणाम तोच. तुम्ही मीठ टाकलं म्हणून आता काही बिघडेल असं मुळीच नाही, बहुतेकांना काहीही होत नाही. पण पुढच्या वेळी अधिक सोपा उपाय हाताशी असताना हा कशाला वापरायचा?

सोपा उपाय म्हणजे नख. आधी निमुळतं टोक कोणतं ते पाहा. जाड टोकाकडे बहुतेकांचं लक्ष आधी जातं, पण चावा तिथं नसतो. निमुळत्या टोकाशेजारची कातडी एका हातानं ताणा, दुसऱ्या हाताचं नख कातडीलगत सपाट ठेवून चूषकाखाली सरकवा. पकड सुटते. लगेच मागच्या चूषकाखालीही तसंच नख घाला आणि तिला झटकून टाका. या दोन कृतींमध्ये थांबलात तर ती बोटाला चिकटते, मग तिची बोटांत गोळी करून फेकायची. नख घालवत नसेल तर एटीएम कार्डाची कड चालते. अगदीच हात लावायचा नसेल तर पोट भरेपर्यंत थांबा, ती आपोआप गळून पडते. रानजळू पिते ते रक्त अगदी थोडं असतं, धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही.

न थांबणाऱ्या रक्ताबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण भीतीचं मूळ तिथं आहे आणि गंमतही तिथंच आहे. एवढ्याशा जखमेतून एवढं रक्त येतं म्हणजे जखम खोल असणार, असं आपल्याला वाटतं. जखम उथळच असते. रक्त वाहतं ते जळूनं आत सोडलेल्या लाळेमुळे. आपल्याला खरचटलं की रक्तात थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम तयार होतं, ते धाग्यांचं जाळं विणायला लावतं आणि गुठळी बसते. जळूच्या लाळेतलं हिरुडिन नेमकं थ्रॉम्बिनला जाऊन घट्ट चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. लाळेतले दुसरे घटक रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) जखमेच्या जागी चिकटू देत नाहीत, काही रक्तवाहिन्या रुंद करतात, काही आजूबाजूच्या ऊती सैल करून बाकीची लाळ पसरवतात. जळू निघून गेली तरी हे सगळं तिथंच असतं. म्हणून तास-दोन तास, कधी त्याहून बरंच जास्त वेळ रक्त झिरपतं. पावसात भिजलेल्या मोज्यावर ते पसरून चौपट दिसतं. तेव्हा करायचं एवढंच: जागा धुवायची, स्वच्छ कापडाची घडी ठेवून सलग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायची, मधेमधे उचलून पाहायचं नाही, मग पट्टी घट्टसर बांधायची. दुसऱ्या दिवशीही रक्त येत असेल तर दवाखाना.

हिरुडिनची कथा मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि तुमच्या मुलीला ती आवडेल. जळूच्या अर्कामुळे रक्त गोठत नाही हे जॉन हेक्राफ्ट या शास्त्रज्ञानं १८८४ साली दाखवलं. त्या काळात रक्त शरीराबाहेर काढलं की मिनिटांत गोठायचं, त्यामुळे रक्त यंत्रातून फिरवून शुद्ध करण्याचा विचारच अडून बसला होता. १९२४ साली जर्मनीतल्या गीसेन इथं गेओर्ग हास यांनी माणसावर पहिलं डायलिसिस केलं. ते जेमतेम पाव तास चाललं, आणि नळ्यांतलं रक्त गोठू नये म्हणून त्यांनी वापरलं होतं जळवांपासून मिळवलेलं हिरुडिन. ते पुरेसं शुद्ध मिळत नसे, रुग्णांना त्याचा त्रास होई, म्हणून पुढे त्याची जागा हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या औषधानं घेतली. पण हिरुडिनचा धागा तुटला नाही. अँजिओप्लास्टीच्या वेळी वापरलं जाणारं बायव्हॅलिरुडिन हे औषध हिरुडिनच्याच रचनेवरून बेतलेलं आहे. ज्या गुणामुळे तुमचा मोजा लाल झाला, त्याच गुणाचा उपयोग हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून होतो.

जिवंत जळवाही रुग्णालयात परतल्या आहेत. तुटलेलं बोट किंवा कान पुन्हा जोडताना शल्यचिकित्सक धमन्या जोडू शकतात, पण शिरा इतक्या बारीक आणि नाजूक असतात की त्या पुरेशा जोडता येत नाहीत. रक्त आत येतं, बाहेर जायला वाट नसते. जोडलेला भाग जांभळा-काळा पडतो आणि मरतो. अशा वेळी त्यावर जळवा लावतात. त्या साचलेलं रक्त ओढतात, आणि त्या सुटल्यावरही तिथून रक्त झिरपत राहतं, तुम्ही ज्याला घाबरलात तेच झिरपणं. काही दिवसांत नव्या शिरा तयार होतात आणि भाग वाचतो. १९८५ साली अमेरिकेत बोस्टनला जोसेफ अप्टन या सर्जननी पाच वर्षांच्या एका मुलाचा तुटलेला कान असा वाचवला. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं औषधी जळवांना वैद्यकीय साधन म्हणून रीतसर मान्यता दिली.

सासूबाईंच्या बोलण्यालाही आधार आहे, तो उडवून लावू नका. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात १२ प्रकार दिलेत, सहा विषारी आणि सहा निर्विष. जळू लावण्याआधी तिच्या अंगाला मोहरी आणि हळदीचा कल्क पाण्यात कालवून लावायचा, ती चावत नसेल तर त्या जागी दुधाचा किंवा रक्ताचा थेंब द्यायचा, सुटल्यावर तिच्याकडून ओकवून घ्यायचं, आणि तीच जळू सात दिवस पुन्हा वापरायची नाही, असं सगळं बारकाईनं लिहिलंय. धन्वंतरीच्या चार हातांपैकी एका हातात जळू असते ती याच परंपरेमुळे. सुटत नसलेल्या जळूच्या तोंडावर सैंधव टाकायला सुश्रुतही सांगतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ती वैद्यानं पारखून, स्वच्छ करून, हेतूनं लावलेली जळू होती. आंबोलीच्या वाटेवरची जळू त्याआधी कुणाच्या अंगावर होती ते आपल्याला ठाऊक नसतं.

‘खराब रक्त’ ती निवडून पिते, हे मात्र मला मान्य नाही. तिच्यापाशी रक्त पारखण्याचं काही साधन नाही. चावा घेतलेल्या जागी जे रक्त येईल ते ती पिते. निवड करते ती वेगळीच: रक्तातलं जादा पाणी ती उत्सर्जन नलिकांमधून बाहेर टाकते आणि उरलेला घट्ट ऐवज साठवते. साध्या शब्दांत, ती एकीकडे पिते आणि दुसरीकडे मुतते. हे वाक्य मी वर्गात म्हटलं की मागच्या बाकांवरचीही मुलं वह्या उघडतात.

आता ३२ मेंदू. हे चुकीचं आहे, पण जे खरं आहे ते त्याहून सुंदर आहे. जळूचं शरीर खंडांचं बनलेलं असतं आणि पोटाच्या बाजूनं एक मज्जारज्जू जातो. त्यावर खंडागणिक चेतापेशींची एकेक गाठ असते. पुढच्या टोकाच्या काही गाठी एकत्र येऊन मेंदू बनतो, मागच्या टोकाच्या एकत्र येऊन शेपटीची मोठी गाठ, आणि मध्ये २१ सुट्या गाठी. सगळ्यांची बेरीज ३२ धरतात, तिथून ही अफवा आली. प्रत्येक गाठीला मेंदू म्हणणं बरोबर नाही. मात्र औषधी जळूच्या सुट्या गाठीत साधारण ४०० चेतापेशीच असतात, त्या मोठ्या असतात आणि प्रत्येक गाठीत जवळपास त्याच जागी सापडतात. त्यामुळे स्पर्श, दाब आणि इजा ओळखणाऱ्या पेशी कोणत्या हे शास्त्रज्ञांना एकेक करून दाखवता आलं. चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात, याबद्दल आपल्याला जे कळलंय त्यातला मोलाचा भाग जळूवर झालेल्या कामातून आला आहे. मुलीला आणखी द्यायचं असेल तर हे द्या: जळूला डोळ्यांच्या पाच जोड्या असतात. प्रत्येक जळू नर आणि मादी दोन्ही असते. एका पोटभर जेवणावर ती महिनोन्‌महिने काढू शकते. आणि सगळ्या जळवा रक्त पीत नाहीत, काही गांडुळं अख्खी गिळतात. गोड्या पाण्यातल्या काही जळवा तर पिल्लं पोटाला चिकटवून घेऊन हिंडतात.

हा प्राणी आहे तरी कशाला, असं तुम्ही वैतागून विचारलंय. निसर्गात कुणी आपल्या उपयोगासाठी नसतं, पण उपयोगाचंच म्हणाल तर जंगल वाचवण्याच्या कामात जळू आता साक्षीदार झाली आहे. तिच्या पोटात शेवटच्या जेवणाचा डीएनए महिनोन्‌महिने टिकतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिएतनामच्या अन्नामाइट डोंगरांतल्या २५ रानजळवा तपासल्या. त्यांपैकी २१ जळवांत सस्तन प्राण्यांचा डीएनए मिळाला, त्यात अतिशय दुर्मीळ अशा अन्नामाइट पट्टेरी सशाचाही होता. कॅमेऱ्यांना न दिसणारा ससा जळूनं दाखवून दिला. पुढे चीनमधल्या एका अभयारण्यात वनरक्षकांनीच ३० हजारांहून जास्त जळवा गोळा केल्या आणि त्यांवरून तिथल्या प्राण्यांचा नकाशा तयार झाला. सह्याद्रीत हे काम मोठ्या प्रमाणावर व्हावं असं मला मनापासून वाटतं. खवल्या मांजर किंवा पिसोरीसारखे लाजाळू प्राणी कुठं उरलेत हे कळायला याहून स्वस्त वाट क्वचितच असेल.

उलट बाजूही सांगते. युरोपात एकोणिसाव्या शतकात रक्तमोक्षणाचं, म्हणजे उपचार म्हणून अंगातलं रक्त काढण्याचं, असं वेड होतं की १८३३ या एका वर्षात फ्रान्सनं चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्या. तळीच्या तळी रिकामी झाली. युरोपातली औषधी जळू आज आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

इथवरचं थोडक्यात: तोंड आत राहिलेलं नाही, विष नाही, रक्त लाळेमुळे वाहिलं, खाज अपेक्षित आहे, आणि लक्ष ठेवायचं ते पसरणारा लालपणा, पू आणि ताप यांच्यावर. डास जसा मलेरिया पसरवतो तशी जळू माणसातल्या कुठल्याही आजाराची ठरलेली वाहक म्हणून ओळखली जात नाही, तेव्हा तीही धास्ती नको.

खरा धोका मला वाटतो तो एकाच बाबतीत, आणि त्याबद्दल पालक फारसं विचारत नाहीत. ओढ्याला तोंड लावून पाणी पिताना किंवा डबक्यात डुंबताना पाण्यातली बारीक जळू नाकात किंवा घशात शिरू शकते. ती तिथंच राहते, मोठी होते, आणि मुलाच्या एकाच नाकपुडीतून वरचेवर रक्त येत राहतं. असं झालं तर घरी चिमटा घालू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि ओढ्याचं पाणी प्यायल्याचं आवर्जून सांगा. डोळ्यात किंवा नाजूक जागी जळू गेली तरी डॉक्टरच. जंगलातलं पाणी गाळून, शुद्ध करूनच प्या, आणि मुलांना ओंजळीनं तोंडावर पाणी मारू देऊ नका.

मुलीला पुन्हा न्यावं का? न्या, जरूर न्या. गुडघ्यापर्यंत येणारे, घट्ट विणीच्या कापडाचे जळूमोजे मिळतात. पँटचे पाय त्यात खोचा, वर बूट घाला. मोज्यांवर कीटकरोधक फवारा मारला तर जळवा बऱ्यापैकी दूर राहतात, पण पावसात तो धुऊन जातो, पुन्हा मारावा लागतो. आमच्या गटात ओळीतला प्रत्येक जण पुढच्याचे पाय बघत चालतो आणि अर्ध्या तासानं सगळे थांबून तपासतात. थांबायचं ते खडकावर किंवा उघड्या कातळावर, पाचोळ्यात नाही. आपली चाल आणि श्वास जळूला कळतो, उभे राहिलात की चहूबाजूंनी अंग ताणत, डोलत त्या तुमच्याकडे निघतात. आपल्याकडच्या जळवा झाडावरून उड्या टाकत नाहीत, त्या पायावरून चढत मानेपर्यंत पोचतात आणि आपल्याला वाटतं वरून पडली.

आणि मिठाची पुडी घरी ठेवा. आंबोलीच्या कातळांवर पावसात जी उथळ डबकी साचतात त्यांत आंबोली भेक आपली अंडी घालतो. २००९ साली विज्ञानाला नव्यानं माहीत झालेला हा छोटा भेक आंबोलीच्या आसपासच सापडतो. बेडकांची कातडी जळूसारखीच ओली आणि पातळ असते, मीठ त्यांनाही सोसत नाही. दर शनिवार-रविवारी येणाऱ्या प्रत्येक गटानं मूठभर मीठ त्या वाटांवर सांडलं तर ते पावसाबरोबर त्याच डबक्यांत उतरणार.